छोट्या विमानाची हत्यारपेटी

नकाशावर अहमदाबाद आणि जुहू ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर रेघ जवळजवळ वसईच्या किल्ल्यावरून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेत पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूला उतरले. एका इंजिनाचे, पुस मॉथ जातीचे लहानसे विमान. रेडिओ नाही. अहमदाबादेत पेट्रोलचे डबेसुद्धा बैलगाडीतून आले होते. अशा विमानाला वैतरणेच्या मुखाशी किंवा अर्नाळा-भुईगावच्या वाळूवर उतरायची पाळी आली असती, तर पुढचे सगळे एकाच गोष्टीवर ठरले असते : वैमानिकाने निघताना बरोबर काय घेतले होते?

जेआरडींना याचे मोल दोन वर्षे आधीच कळले होते, आणि तेही दुसऱ्याच्या अडचणीतून.

आगा खान यांनी त्या वेळी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून सर्वांत आधी पार करणाऱ्या भारतीयाला ते मिळणार होते. १९३० च्या मे महिन्यात जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. समोरून, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीयर येत होते. वय अवघे सतरा. दोघांची विमाने मॉथ जातीची. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरला जेआरडी उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडले होते. इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जादा प्लग त्यांनी बरोबर घेतलेच नव्हते. जेआरडींकडे होते. समोरचा माणूस याच शर्यतीतला प्रतिस्पर्धी आहे हे ठाऊक असताना त्यांनी ते काढून दिले. अस्पींनी परतफेड म्हणून आपले पाण्यावर तरंगायचे जॅकेट जेआरडींना दिले, कारण जेआरडींना अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. अस्पी आधी कराचीला पोहोचले, बक्षीस त्यांना मिळाले. जेआरडी थोडक्यात मागे राहिले. हेच अस्पी पुढे, १९६० ते १९६४ या काळात, भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात हत्यारपेटीचा सगळा धडाही आहे. एका वैमानिकाकडे मुठीत मावतील एवढे प्लग होते, दुसऱ्याकडे नव्हते. दोघांचे इंजिन एकाच घराण्यातले होते म्हणून एकाचे प्लग दुसऱ्याला बसले. आणि त्या दिवशी समुद्रावर जाणाऱ्याला प्लगइतकीच तरंगण्याच्या जॅकेटची गरज होती.

स्पार्क प्लगच का, हे समजून घेण्यासारखे आहे. लहान विमानाच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला आठ. त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. बॅटरी बंद पडली तरी इंजिन चालत राहावे म्हणून. एक मॅग्नेटो किंवा एखादा प्लग गेला तरी विमान उडते, फक्त ताकद थोडी कमी होते. उड्डाणाआधी धावपट्टीच्या टोकाशी विमान थांबते आणि इंजिनाचा आवाज वाढतो, तेव्हा वैमानिक हेच तपासत असतो. चावी फिरवून तो आधी एक मॅग्नेटो बंद करतो, मग दुसरा, आणि फेरे किती उतरतात ते पाहतो. सेसना १७२ सारख्या विमानात ही घट साधारण सव्वाशे-दीडशे फेऱ्यांच्या आत असावी लागते. इंजिन थरथरू लागले, तर एखादा प्लग काजळला असे बहुधा समजावे.

काजळायला कारण असते. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसे मिसळलेले असते, आणि त्याचे बारीक खडे प्लगच्या टोकाशी साचतात. सिलिंडरच्या खालच्या बाजूचे प्लग तेलानेही माखतात. पहिला उपाय पेटी न उघडताच होतो : इंधनाचे मिश्रण पातळ करून इंजिन थोडा वेळ जास्त फेऱ्यांवर चालवायचे, म्हणजे काजळी जळून जाते. तेवढ्याने भागले नाही तर मात्र इंजिनाचे झाकण काढावे लागते.

आठांतला दोषी प्लग कोणता, हे शोधायची जुन्या मेकॅनिकांची युक्ती साधी आहे. ज्या मॅग्नेटोवर इंजिन थरथरते त्याच एकट्यावर ते थोडे चालवायचे आणि बंद करायचे. मग प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. तीन नळ्यांवर थेंब चर्रकन उडून जातो, चौथीवर तसाच राहतो. गार राहिलेला सिलिंडर तोच. आता त्याचा प्लग काढायचा. हे करताना चावी खिशात हवी आणि पंख्याच्या पात्यापासून अंग दूर हवे. मॅग्नेटोला अर्थिंग करणारी तार तुटली असेल, तर चावी बंद असतानाही पाते हाताने फिरवल्यावर ठिणगी पडू शकते. या एका गैरसमजाने आजवर पुष्कळ हात गेले आहेत.

प्लग काढायला सात-अष्टमांश इंचाचा खोल सॉकेट पाना लागतो. जुना प्लग निघाला की नव्याखाली तांब्याचा नवा वॉशर घालायचा, आधी हातानेच आटे बसवायचे, आणि शेवटी टॉर्क पान्याने तीस ते पस्तीस फूट-पाउंड एवढेच आवळायचे. प्लग हातातून सिमेंटवर पडला तर तो कितीही नवा असला तरी वापरायचा नाही. आतल्या चिनी मातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो हवेत गेल्यावर.

म्हणून लहान विमानाच्या पेटीत जादा प्लग, त्यांचे वॉशर आणि नेमका पाना हे त्रिकूट पहिले. नुसते प्लग घेऊन पाना विसरला तर काय उपयोग? आडगावच्या गॅरेजमध्ये मिळणारा पाना बहुधा मिलिमीटरच्या मापाचा असतो, आणि अमेरिकी बनावटीच्या विमानातला जवळजवळ प्रत्येक नट इंचात असतो.

पाठोपाठ येतात ती साधी हत्यारे : दोन जातींचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कातरी पक्कड, लहान पाने, टॉर्च. चाकाची ट्यूब आणि हवा मोजायचे यंत्र. इंजिन ऑइलचा एक डबा आणि नरसाळे. फ्यूज आणि दिव्याचे बल्ब. स्प्लिट पिना. आणि बारीक पोलादी तारेचे एक बंडल. या तारेचे काम आवर्जून पाहावे असे असते. विमानातल्या अनेक बोल्टांच्या माथ्याला बारीक भोक असते. त्यातून तार ओवून, पिळून, शेजारच्या बोल्टाला अशा दिशेने बांधतात की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तार दुसऱ्याला आवळते. कंपनाने विमान रात्रंदिवस आटे सोडवायच्या मागे असते. तार त्याला आडवी येते. इंजिनाचे ऑइल फिल्टर बदलले की ही तार कापावीच लागते, आणि नवी बांधल्याशिवाय काम पुरे होत नाही.

पाचूबंदरचा तांडेलही खोल पाण्यात जाताना फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर आणि पाने बरोबर ठेवतो. फरक एवढाच की त्याची बोट बंद पडली तर ती तरंगत राहते; खलाशी इंजिनात हात घालतात, नांगर टाकून रात्र काढता येते. विमानाला ही सवलत नाही. हत्यारपेटी हवेत उघडायची वस्तूच नव्हे. ती उतरल्यावर कामाला येते, आणि म्हणून तिच्यात काय असावे हे ठरवताना ‘हवेत काय बिघडेल’ हा प्रश्न विचारून भागत नाही. ‘कुठे अडकून पडू’ हा विचारावा लागतो. जुहूहून जुहूला परत येणाऱ्याला पेटी नसली तरी चालते, मेकॅनिक हँगरमध्येच असतो. धुळ्यासारख्या धावपट्टीवर, रविवारी दुपारी, एक फुटकी ट्यूब दोन दिवस खाऊ शकते.

हवेत हत्यार चालवल्याचे एक थोर उदाहरण मात्र आहे. १५ मे १९३५ रोजी चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ यांचे तीन इंजिनांचे ‘सदर्न क्रॉस’ विमान ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडला टपाल घेऊन निघाले होते. समुद्रावर धुराच्या नळीचा तुकडा उडून उजव्या पंख्याला लागला आणि ते इंजिन बंद करावे लागले. मग डाव्या इंजिनाचे तेल संपत आले. सहवैमानिक पी. जी. टेलर खिडकीतून बाहेर पडले आणि वाऱ्याच्या झोतात पंखाखालच्या दांडीवरून सरकत बंद इंजिनापर्यंत गेले. त्यातले तेल त्यांनी थर्मासच्या बाहेरच्या डब्यात काढून घेतले आणि ते चालू इंजिनात ओतले. अशा सहा खेपा. विमान सिडनीला परत आले. हत्यारपेटीत कोणी थर्मासची नोंद करत नाही, पण त्या दिवशी त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही विमानात नव्हते.

एवढे सगळे घ्यायचे तर वजनाचा हिशेब येतो, आणि तो फार कडक असतो. सेसना १७२ एस या चार आसनी विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ११५७ किलो. रिकाम्या विमानाचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि पेट्रोल मिळून साधारण चारशे किलो हातात राहतात. टाक्या पूर्ण भरल्या तर पेट्रोलच जवळजवळ १४५ किलो. उरलेल्यात चार धडधाकट माणसे बसत नाहीत. आसने चार आहेत म्हणून चौघांनी टाकी भरून जायचे, असे या विमानात होत नाही. सामानासाठी मागे जागा आहे, पण तिथे एकूण ५४ किलोच ठेवता येते, आणि शेपटीकडच्या टोकाला त्यातले जेमतेम २३. मागे वजन वाढले की विमानाचा तोल शेपटीकडे जातो, नाक वर उचलले जाते, आणि वेग कमी असताना ते सावरणे कठीण होते. तीन-चार किलोंची नेटकी पिशवी सोबतीला पुरते. लोखंडी पेटी भरून घेणाऱ्याने त्याच्या बदल्यात तेवढे पेट्रोल कमी घेतलेले असते.

पिशवी बांधून ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. हवेच्या धक्क्याने सुटा पाना केबिनमध्ये उडाला तर तो डोक्यात बसतो, किंवा पायाखालच्या पेडलमध्ये जाऊन अडकतो. पोलादी हत्यारे होकायंत्राजवळ ठेवली तर काटा चुकीची दिशा दाखवतो. आणि काम संपल्यावर हत्यारे मोजायची असतात. हँगरमध्ये फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. आकृती रिकामी दिसली की पाना कुठेतरी आहे, कदाचित इंजिनात. तो मिळेपर्यंत विमान हलवायचे नाही.

कोकणच्या दमट हवेत आणखी एक स्वस्त वस्तू पिशवीत लागते : तळाशी टोचणी असलेला पारदर्शक कप. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्री दव धरते, पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला बसते. सकाळी वैमानिक पंखाखाली उभा राहून टाकीची तळची झडप कपाने दाबतो आणि थोडे पेट्रोल काढून उजेडात धरतो. विमानाचे पेट्रोल फिके निळे असते. पाणी असेल तर कपाच्या बुडाशी वेगळा, बिनरंगाचा थेंब दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचे. सेसना १७२ एसमध्ये अशा १३ जागा आहेत, आणि तेराही पाहायच्या असतात. घाई असते तेव्हा हेच काम पहिल्यांदा गाळले जाते, आणि उड्डाणानंतर इंजिन बंद पडण्याचे एक जुने कारण हेच आहे.

त्याच पिशवीत पिटो नळीचे कापडी टोपणही असते. ही पंखाखालची बोटभर नळी समोरून येणारी हवा घेते आणि विमानाचा वेग त्यावरून कळतो. उभ्या विमानाच्या नळीत मातीचे घर करणारी गांधीलमाशी शिरू शकते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. अशा माशीने नळी बुजवली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. म्हणून टोपण. पण टोपण घातले की ते काढायचे लक्षात राहिले पाहिजे. जुलै २०१८ मध्ये ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचे एअरबस ए-३३० टोपणांसकटच उडाले. वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवले, एवढे नशीब. या टोपणाला लाल पट्टी लोंबत असते ती त्यासाठीच.

आता प्रश्न असा की हे सुटे भाग आणायचे कुठून? वसई पूर्वेला वाळीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत नट-बोल्ट, स्प्रिंगा, बुश, पितळी फिटिंग काय हवे ते लेथवर होते. तिथल्या कारागिराला बोल्ट दाखवा, तो तसाच दुसरा करून देईल, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येणार नाही. तरीही तो विमानात लावता येत नाही. विमानाच्या बोल्टाबरोबर त्याचा कागद येतो : धातू कोणता, कोणत्या खेपेतला, कोणी तपासला, कोणी सही केली. हा नोकरशाहीचा हट्ट नव्हे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हँबुर्गला निघालेले पार्टनएअरचे कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रावर हवेतच मोडले. ५५ जण गेले. शेपटीचा उभा भाग जोडणारे बोल्ट बनावट, कमी ताकदीचे निघाले. ते जे असल्याचे सांगितले होते ते नव्हते.

वसई खाडीपलीकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. पुढच्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पालघर जिल्ह्यात विमाने बनवण्यासाठी त्यांच्या कंपनीशी करार केला. हातातली कला आणि तिला लागणारा कागद यांमधले अंतर किती असते ते या तारखांतूनच दिसते, आणि ते अंतर कमी व्हावे असे वाटले तरी कागदच नको असे म्हणता येत नाही.

दुरुस्ती कोणी करायची, हाही तसाच प्रश्न. अमेरिकेत नियमांनी वैमानिक-मालकाला काही ठरावीक कामे स्वतः करू दिली आहेत : प्लग बदलणे, टायर बदलणे, तेल भरणे, तार बांधणे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे दुरुस्तीनंतर विमान उडण्यास योग्य आहे अशी सही परवानाधारक अभियंत्याची लागते. म्हणून इथल्या वैमानिकाच्या पिशवीतला पाना पुष्कळदा दुसऱ्याच्या हातासाठी असतो : अभियंता गाडीने येईल, त्याच्याकडे त्या विमानाचा भाग असेलच असे नाही, तो आपल्याकडे असावा. पण सामान पाहून धीट होणे हाच पेटीचा खरा धोका. टेप, तार आणि क्लिपा हाताशी असल्या की ‘घरापर्यंत चालेल’ असा मोह होतो. प्रवासी विमानाच्या पंखावर कधी चंदेरी टेप दिसते, ती ॲल्युमिनियमची खास टेप असते आणि कुठे, किती लावायची हे पुस्तकात लिहिलेले असते. दुकानातली टेप तशी दिसते, एवढेच.

जेआरडींच्या उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर २०२१ रोजी कॅप्टन आरोही पंडित यांनी भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत एकटीने विमान आणले. पिपिस्ट्रेल सायनस हे दोन आसनी, हलके विमान, साठ लिटरपेक्षा कमी पेट्रोल, जीपीएस आणि ऑटोपायलट न वापरता साधारण पाच तासांचा प्रवास. याच आरोहींनी २०१९ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या विकहून आइसलँड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडाच्या इकालुइटपर्यंत एकटीने अटलांटिक ओलांडला होता. दोन्ही प्रवास एकाच जातीच्या विमानातले, पण बर्फाच्या समुद्रावर जाणाऱ्याच्या सामानात गार पाण्यात टिकणारा पोशाख आणि हवेची होडी यांना प्लगच्या आधी जागा द्यावी लागते. इंजिन बंद पडले तर प्लग बदलायला तिथे पाय टेकायला जागा नसते.

समुद्रावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानासाठी सर्वांत मोलाचा डबा तो, ज्यात एकही हत्यार नसते : संकटाचा इशारा देणारा ट्रान्समीटर. विमान आपटले की तो आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवू लागतो. उपग्रह तो पकडतात आणि भारतात तो इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्राकडे येतो. तिथून बचाव यंत्रणेला, समुद्रावर असेल तर तटरक्षक दलाला कळवले जाते. मच्छीमारांसाठी इस्रोने तयार केलेले इशारा यंत्रही उपग्रहाच्याच आधाराने चालते. १२१.५ मेगाहर्ट्झचा जुना संदेश उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले आहे, म्हणून फक्त जुनाच डबा असलेल्या विमानाचे ओरडणे जवळून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाखेरीज बहुधा कोणी ऐकत नाही. नव्या डब्याच्या बॅटरीलाही मुदत असते. ती बाहेरच्या चिठ्ठीवर छापलेली असते. शिवाय प्रत्येक डब्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक मालकाच्या नावावर आणि फोन नंबरवर नोंदवावा लागतो. विमान विकले गेले आणि नोंद बदलली नाही, तर इशारा आल्यावर बचाव केंद्रातून फोन जातो तो जुन्या मालकाला.